लक्झरचं खग्रास ग्रहण आणि त्याची जळगावच्या उन्हातली तालीम

२ ऑगस्ट २०२७, सोमवार, दिव्यांची अवस. त्या दिवशी दुपारनंतर खानदेशातूनही सूर्याचा थोडा भाग झाकलेला दिसू शकतो, आभाळ उघडलं तर. आषाढ संपताना जळगाव-धुळ्यात ते कितपत उघडतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. २२ जुलै २००९च्या सकाळी नंदुरबार, तळोदा, शहादा हा भाग खग्रासच्या पट्ट्यात होता, पण सुरतेपासून बिहारच्या तारेगणापर्यंत बऱ्याच ठिकाणी पावसाळी ढगांनीच ग्रहण गिळलं. म्हणून ग्रहणासाठी प्रवास ठरवताना आधी ढग बघायचे, मग खग्रास किती मिनिटं आहे ते, आणि हॉटेल सगळ्यात शेवटी.

२०२७ला या तिन्ही गोष्टी इजिप्तमधल्या लक्झरला जुळतात. ऑगस्टमध्ये तिथे ढग जवळपास नसतातच, आणि या ग्रहणाची सर्वांत लांब खग्रास अवस्था, ६ मिनिटं २३ सेकंद, लक्झरच्याच परिसरात आहे. एवढी लांब खग्रास अवस्था यानंतर २११४ पर्यंत नाही. अडचण एकच, पण मोठी: ग्रहण भर दुपारी आहे, सूर्य क्षितिजापासून ८२ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर, आणि तापमान चाळिशीच्या वर. कॅमेऱ्याची निम्मी कटकट याच दोन गोष्टींतून येते. खानदेशातल्या माणसाला या दोन्हींची सवय घरबसल्या करता येते. ती कशी, ते पुढे येईलच.

गाव निवडताना

चंद्राची गडद सावली जिथून सरकते तो पट्टा या वेळी मध्यावर सुमारे २५८ किलोमीटर रुंद आहे. स्पेनचं दक्षिण टोक, मोरोक्को, अल्जेरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन, सोमालिया असा तो जातो. इजिप्तमध्ये सोहाग, केना, लक्झर आत आहेत. कैरो बाहेर, लाल समुद्रावरचं हुरगदा बाहेर, आणि नाईलवरच्या जहाजसफरींचं दुसरं टोक असलेलं अस्वानही बाहेर.

इथेच लोक फसतात. टूरच्या माहितीपत्रकावर ‘इजिप्त, ग्रहण विशेष’ एवढंच छापलेलं असतं आणि २ तारखेच्या दुपारी जहाज असतं अस्वानला. तिथे सूर्य बहुतांश झाकला जाईल, पण अंधार पडणार नाही, सूर्याभोवतीचं फिकट तेजोवलय, म्हणजे प्रभामंडल, दिसणार नाही. सूर्याचा एक टक्का जरी उघडा राहिला तरी तो प्रभामंडलाच्या हजारो पट तेजस्वी असतो. ‘९८ टक्के म्हणजे जवळजवळ खग्रासच की’ हा हिशोब ग्रहणात चालत नाही. पैसे भरण्याआधी टूरवाल्याला एकच प्रश्न लेखी विचारावा: २ ऑगस्टला दुपारी एक वाजता आपण नेमके कुठे उभे असू आणि तिथे खग्रास किती मिनिटं, किती सेकंद आहे? उत्तर गुळमुळीत आलं तर ती टूर सोडून द्यावी.

इतर पर्यायही आहेत. स्पेनच्या तारिफाला किंवा मोरोक्कोच्या टँजिअरला साडेचार मिनिटांच्या वर मिळतात आणि सूर्य सोयीच्या उंचीवर असतो, पण सामुद्रधुनीवरच्या ढगांचा भरवसा लक्झरइतका नाही. घरच्या घरी हवं असेल तर २० मार्च २०३४ला कारगिलला खग्रास आहे. पासपोर्ट लागत नाही, पण मार्चमध्ये झोजिला बहुधा बर्फाने बंद असतो, म्हणजे लेहपर्यंत विमान आणि तिथून पुढे गाडी.

तिकीट, कागद, सामान

हॉटेल आणि कैरो-लक्झर प्रवास, या दोन गोष्टी आधी पक्क्या कराव्यात. ग्रहणाच्या आठवड्यातल्या खोल्या वर्ष-दोन वर्षं आधी जातात. हॉटेल शक्यतो गच्ची किंवा मोकळी बाग असलेलं बघावं. ग्रहण हॉटेलच्या आवारातूनच पाहता आलं तर त्या दिवशीच्या वाहतूक कोंडीशी, प्रवेशद्वारावरच्या रांगांशी आणि स्वच्छतागृहाच्या शोधाशी संबंध येत नाही. नवख्याने हेच करावं. कर्नाकच्या प्राचीन मंदिराच्या खांबांमधून ग्रहण टिपायचा मोह होणारच, पण तिथे गर्दी असेल आणि पुरातत्त्व स्थळांवर ट्रायपॉड लावायला वेगळी परवानगी लागते.

जळगाव-भुसावळकरांनी मुंबईला निघताना कसारा घाट लक्षात ठेवावा. जुलैअखेर दरड कोसळली की गाड्या इगतपुरीत तासन्‌तास अडकतात. विमानाच्या आदल्या दिवशीच मुंबईत मुक्कामाला असावं. नंदुरबारकरांना सुरतेमार्गे सोपं पडतं, पण पश्चिम रेल्वेवरही पावसाचं तेच दुखणं. मुंबईहून कैरोला थेट विमान आहे, आखाती देशांमार्गेही जाता येतं. कैरो ते लक्झर विमानाने साधारण तास, रेल्वेने रात्रभर. ३१ जुलैला लक्झरमध्ये पोचलेलं असावं. १ तारीख तालमीची. २ तारखेला पहाटे पोचण्याचा बेत म्हणजे जुगार.

पासपोर्टची मुदत परतीनंतर किमान सहा महिने उरलेली हवी. व्हिसाचे नियम बदलत राहतात, ते इजिप्तच्या दूतावासाच्या संकेतस्थळावरूनच पाहावेत, ओळखीच्यांच्या सांगण्यावरून नाही. महागडी लेन्स किंवा दुर्बीण नेत असाल तर निघताना मुंबई विमानतळावर कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावं. त्यावर वस्तूचा अनुक्रमांक येतो आणि परत येताना ‘हे बाहेरून आणलं का’ हा वाद टळतो. लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत, ट्रायपॉड मोठ्या बॅगेत. ड्रोन घरीच ठेवावा. इजिप्तमध्ये परवानगीशिवाय तो आणलेला चालत नाही आणि विमानतळावरच जप्त होतो.

डोळे

खंडग्रास अवस्था सुरुवातीला आणि शेवटी मिळून अडीच तासांहून जास्त चालते. त्या सगळ्या वेळात ग्रहणचष्मा हवाच, आणि तो आयएसओ १२३१२-२ या मानकाचा. घरातल्या दिव्याकडे बघून तपासावा: नीट बनवलेल्या चष्म्यातून ट्यूबलाइटही दिसत नाही. दिसली तर चष्मा फेकावा. माणशी दोन न्यावेत, एक हमखास कुणीतरी मागतं किंवा त्यावर कुणीतरी बसतं.

वेल्डिंगची काच चालते, पण १४ नंबरचीच. वर्कशॉपमध्ये रोज वापरतात ती १० किंवा ११ नंबरची असते, ती पुरत नाही. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, जुनी सीडी आणि परातीत शेणपाणी किंवा हळदीचं पाणी घेऊन त्यात बघणं, यातलं काहीच सुरक्षित नाही. डोळ्याच्या पडद्याला दुखणं कळत नाही, त्यामुळे भाजलं तरी तेव्हा काही जाणवत नाही.

चष्मा लावून कॅमेऱ्यात किंवा दुर्बिणीत डोकावणं तर सगळ्यात वाईट. भिंग प्रकाश एकवटतं आणि चष्म्याची फिल्म क्षणात वितळते. सौर गाळणी, म्हणजे सूर्यासाठीचा फिल्टर, नेहमी भिंगाच्या पुढच्या, सूर्याकडच्या तोंडावर बसवायची.

खग्रास लागली, हिऱ्याची अंगठी, म्हणजे कडेवरचा सूर्याचा शेवटचा झगमगता ठिपका, विझली, की चष्मा काढायचा. ही सहा मिनिटं उघड्या डोळ्यांनीच बघायची असतात. चष्म्यातून तेव्हा काळोखाशिवाय काही दिसत नाही, आणि भीतीपोटी चष्मा न काढणारे दर ग्रहणात असतात.

लेन्स किती मोठी

सेन्सरवर सूर्याचा व्यास किती मिलिमीटर येईल, यासाठी लेन्सच्या फोकल लांबीला ११०ने भागायचं. २०० मिमीवर सूर्य १.८ मिमीचा, ४०० मिमीवर ३.६, ६०० मिमीवर साडेपाच. सेन्सरची उंची फुल फ्रेममध्ये २४ मिमी, त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरमध्ये १५-१६. प्रभामंडल सूर्याच्या कडेपासून दोन-तीन त्रिज्या सहज पसरतं, त्यामुळे चौकटीत सूर्य लहान दिसला तरी घाबरू नये. फुल फ्रेमला ४०० ते ६००, एपीएस-सीला ३०० ते ४०० मिमी पुरे.

आकाश फिरत असतं हेही मोजावं. सूर्य चार मिनिटांत साधारण एक अंश सरकतो, म्हणजे खग्रासच्या वेळात दीड अंश, जवळपास तीन सूर्यांइतका. फुल फ्रेमवर ४०० मिमीने हे निभावतं: सूर्य सरकतोय त्याच्या उलट बाजूला थोडा ठेवून सुरुवात करायची. ६०० मिमीवर मध्येच एकदा चौकट सावरावी लागते. ट्रॅकर (आकाशाच्या गतीने कॅमेरा फिरवणारं यंत्र) असेल तर तो प्रश्न नाही, मात्र त्याचे स्वतःचे दोन प्रश्न आहेत. पहिला अक्षांशाचा: जळगावला २१ अंशांवर लावलेला ट्रॅकर लक्झरला २५.७ अंशांवर न्यावा लागतो, आणि ध्रुवाकडे रोखायचं काम १ तारखेच्या रात्रीच उरकून ट्रायपॉडच्या पायांच्या खुणा जमिनीवर करून ठेवायच्या. दुसरा प्रश्न वजनाच्या दांड्यावर तोलून बसणाऱ्या मोठ्या माउंटवाल्यांचा. लक्झरला सूर्य मध्यान्हरेषा ओलांडतो इजिप्तच्या उन्हाळी घड्याळाप्रमाणे १२.५५च्या सुमारास, आणि खग्रास लागते एक वाजून दोन मिनिटांच्या आसपास. मध्यान्ह ओलांडल्यावर आपोआप बाजू बदलायची सोय चालू राहिली, तर खग्रासच्या तोंडावर दुर्बीण गर्रकन फिरून भलतीकडेच बघेल. ती सोय बंद करावी.

डोक्यावरचा सूर्य

ट्रायपॉडवरचा साधा बॉलहेड (गोळ्यावर फिरणारी कॅमेऱ्याची बैठक) ८२ अंशांवर नीट उभा राहत नाही. बॉल खाचेत अडकतो, जड लेन्स हळूहळू मागे कलते, आणि कॅमेऱ्याची पाठ ट्रायपॉडच्या पायांवर टेकते. उपाय: लेन्स कॉलर (लेन्सभोवतीची, ट्रायपॉडला बसणारी कडी) वापरावी, म्हणजे तोल मध्यावर येतो, कॉलरखाली लांब पट्टी लावून कॅमेरा मधल्या खांबापासून बाहेर काढावा, जमलं तर गिंबल किंवा गिअरचा हेड घ्यावा. ट्रायपॉड फार उंच करू नये. कमी उंचीवर, सतरंजीवर बसून, वळणाऱ्या पडद्यात बघत काम करणं सगळ्यात सोपं. पडदा वळत नसेल तर लेन्सखाली पाठीवर आडवं व्हावं लागतं, आणि पाच मिनिटांत मान धरते.

फोनवाल्यांनीही ही उंची लक्षात घ्यावी. मंदिर आणि ग्रहण एका चौकटीत साध्या फोनमध्ये येणार नाही. फोनला दुसरं काम द्यावं: छोट्या स्टँडवर आडवा लावून, आपल्या माणसांकडे आणि क्षितिजाकडे तोंड करून, खग्रासच्या पाच मिनिटं आधी व्हिडिओ चालू करून ठेवायचा. चारही बाजूंना क्षितिजावर उमटणारी तांबूस किनार आणि लोकांचा ओरडा त्यात येतो. पुढे घरी तोच पुन्हापुन्हा बघितला जातो.

तालीम मे महिन्यात

मेच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो. जळगाव आणि धुळ्याला २५ मेच्या आसपास, नंदुरबारला दोनेक दिवसांनी, दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर असतो. त्याच्या अर्धा तास आधी आणि नंतर तो साधारण लक्झरच्या उंचीवर असतो. उष्णता तर लक्झरहून कणभर जास्तच. २०२७च्या मेमध्ये गच्चीवर सगळं सामान मांडून दोन तास पूर्ण कार्यक्रम करावा, गाळणी लावून. कॅमेरा किती तापतो, बॅटरी किती टिकते, पडद्यावर उन्हात काही दिसतं का, हेड कुठे अडकतो, हे सगळं तिथेच कळतं.

बहुधा हे कळेल: काळा कॅमेरा उन्हात हात लागू देत नाही आणि लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचं थेट दृश्य) चालू ठेवला की तापल्याची सूचना देऊन बंद पडतो. पांढरा ओला नसलेला टॉवेल किंवा उपरणं त्यावर टाकायचं, लेन्सचं तोंड तेवढं उघडं. पडद्यात बघायला डोक्यावरून जाड गडद कापड. आणि फोकस: तापलेली लेन्स फोकस सोडते. सकाळी पक्का केलेला फोकस दुपारी तसाच राहील हे गृहीत धरू नये. ऑटोफोकस बंद करून, पडद्यावर दहापट मोठं करून सूर्याच्या कडेवर किंवा डागावर फोकस करायचा, रिंगला कागदी चिकटपट्टी लावायची, आणि खग्रासच्या पंधरा मिनिटं आधी पुन्हा बघायचा.

गाळणीचीही तालीम हवी. सौर फिल्म घेऊन पुठ्ठ्याची टोपी बनवावी, लेन्सच्या तोंडावर वाऱ्याने उडणार नाही इतकी घट्ट आणि दोन बोटांनी सरळ निघेल इतकी सैल. चिकटपट्टीने बांधलेली गाळणी ऐन वेळी ओढताना लेन्स हलते आणि फोकस व चौकट दोन्ही जातात. फिल्म थोडी सुरकुतलेली चालते, ताणू नये. फोटोपुरती म्हणून मिळणारी पातळ, ३.८ घनतेची फिल्म डोळ्यासाठी कधीच वापरू नये, ५ घनतेचीच घ्यावी.

रात्रीची तालीम पौर्णिमेच्या चंद्रावर. आकार तोच, आणि आतल्या प्रभामंडलाचा उजेडही साधारण तेवढाच.

एक्सपोजर

सगळं मॅन्युअल, रॉ फाइल, आयएसओ १००, एफ/८ धरून चाला. गाळणीसह सूर्याला १/४०० सेकंदाच्या आसपास लागतं, कोर बारीक झाली की एक-दोन स्टॉप वाढवायचे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). गाळणी काढल्यावर बेलीच्या मण्यांना (चंद्राच्या कडेवर चमकणाऱ्या ठिपक्यांना) १/३२००, लालसर सौरज्वालांना १/८००, सूर्याला चिकटलेल्या प्रभामंडलाला १/२००, एका त्रिज्येवरच्या फिकट भागाला १/३, त्याबाहेर एक सेकंद किंवा जास्त. एकाच फोटोत हे सगळं मावत नाही, म्हणून ब्रॅकेटिंग, म्हणजे वेगवेगळ्या शटरवेगांचे लागोपाठ फोटो.

मधला वेग १/५०, एकेका स्टॉपच्या अंतराने नऊ फोटो: १/८०० पासून १/३ पर्यंत सगळं येतं. कॅमेरा पाचच फोटो देत असेल तर दोन स्टॉपचं अंतर ठेवा, पल्ला तोच राहतो. ट्रॅकरशिवाय ४०० मिमीवर १/३च्या पुढे जाऊ नये, सूर्य सरकल्याचं दिसायला लागतं. केबल रिमोट वापरावा, बोटाने बटण दाबलं की लांब एक्सपोजर हलतं.

बंद करायच्या गोष्टी: ट्रायपॉडवर असताना स्थिरीकरण, फ्लॅश, आपोआप झोपी जाण्याची सोय, आणि लांब एक्सपोजरचा नॉइज कमी करणारी सोय. ही शेवटची चालू राहिली तर एका सेकंदाच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी एक सेकंद अडून बसतो. कार्ड वेगवान हवं. हळू कार्डावर नऊ रॉ फोटोंनी बफर भरतो आणि कॅमेरा ऐन वेळी गप्प होतो.

२ ऑगस्टचा दिवस

सकाळी पोटभर नाश्ता करून घ्यावा. घरातल्या वडीलधाऱ्यांना वेध पाळायचे असतील तर तो त्यांचा प्रश्न, पण ४१ अंशांच्या कोरड्या उन्हात पाणी सोडून बसणं साठीच्या माणसाला झेपणारं नाही. माणशी चार लिटर पाणी, मीठ-साखर किंवा ओआरएस, टोपी, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, सतरंजी, आणि एक पांढरी चादर.

साडेअकरानंतर केव्हातरी स्पर्श, म्हणजे ग्रहणाची सुरुवात. पंचांगातल्या वेळा इथे कामाच्या नाहीत, लक्झरच्या नेमक्या जागेच्या वेळा सेकंदापर्यंत आधी काढून कागदावर मोठ्या अक्षरात लिहाव्यात, इजिप्तच्या घड्याळात. ते आपल्यापेक्षा अडीच तास मागे असतं. दर दहा मिनिटांनी एक फोटो पुरे, बाकी वेळ सावलीत. पिठाची चाळणी नेली असेल तर चादरीवर धरावी: प्रत्येक भोकाखाली एकेक कोर उमटते, शेकडो बारीक कोरी एकाच दिशेने वाकलेल्या. पोरं यात रमतात आणि वर बघायचं विसरतात, हेही बरंच.

एक वाजायच्या सुमाराला उजेड विचित्र होतो, संध्याकाळसारखा पिवळा नाही, नुसताच पातळ. सावल्यांच्या कडा धारदार होतात. फोकस शेवटचा बघा, बॅटरी नवी घाला, फोन चालू करा. संमीलनाच्या, म्हणजे खग्रास लागण्याच्या, दीड-दोन मिनिटं आधी चादरीवर नजर ठेवली तर पाण्यातल्या लहरींसारखे फिकट पट्टे धावताना दिसू शकतात. तीस सेकंद आधी लेन्सची गाळणी काढायची, डोळ्यांचा चष्मा अजून ठेवायचा, आणि आता व्ह्यूफाइंडरला डोळा लावायचा नाही, पडद्यातच बघायचं. १/३२०० ते १/८०० या वेगांनी सलग फोटो. अंगठी विझली की चष्मा काढा.

यापुढचा नियम कडक पाळावा: एक ब्रॅकेट घ्या आणि कॅमेऱ्यापासून दूर व्हा. पहिलं मिनिटभर नुसतं बघायचं. प्रभामंडलाच्या तंतूंमध्ये डोळ्याला जो बारीक पोत दिसतो तो एका फोटोत येत नाही. शुक्र सूर्याच्या अगदी जवळ चमकत असेल. गाळणीशिवायची ७×५० किंवा ८×४२ दुर्बीण असेल तर ती याच वेळी डोळ्याला लावावी. तिसऱ्या मिनिटाला दुसरं ब्रॅकेट, चौकट सावरणं, पाचव्याला तिसरं. पावणेसहा मिनिटांवर फोनचा गजर वाजलाच पाहिजे: दुर्बीण खाली, चष्मा हातात, कॅमेरा पुन्हा वेगवान शटरवर. पश्चिम कडेवर गुलाबी किनार दिसली की उन्मीलन, म्हणजे खग्रास सुटणं, काही सेकंदांवर आहे. दुसरी अंगठी टिपली की आधी डोळ्यावर चष्मा, मग लेन्सवर गाळणी. इथे घाई चुकते: लोक टाळ्या वाजवत राहतात आणि उघडी लेन्स भर दुपारच्या सूर्याकडे तशीच राहते, शटरचे पडदे भाजतात.

मोक्ष, म्हणजे ग्रहण पूर्ण सुटणं, अडीचच्या आसपास. निम्मी गर्दी तोवर थांबत नाही, सगळे एकदम रस्त्यावर येतात. आपण थांबावं, पाणी प्यावं, आणि लेन्सला टोपण लावून त्याच तापलेल्या कॅमेऱ्यावर, त्याच आयएसओवर वीसेक काळे फोटो घ्यावेत. प्रभामंडलाचे फोटो एकत्र करताना तापलेल्या सेन्सरचे ठिपके यांनीच काढता येतात. रात्री हॉटेलात कार्डाच्या दोन प्रती कराव्यात, एक हातातल्या बॅगेत, एक सोबतच्या माणसाकडे. मूळ कार्ड घरी पोचेपर्यंत पुसू नये.